तुम्ही विचारलंत म्हणून: बुफॉन मोठा की कासियास?

गोलकीपर निवृत्त झाला की वाद ठरलेलाच. स्पेनचा कासियास २०२० मध्ये थांबला, इटलीचा बुफॉन २०२३ मध्ये, आणि तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतो: कासियासकडे तीन चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा), बुफॉनकडे एकही नाही, मग बुफॉनला थोर का म्हणायचं? म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

पदकं मोजायचीच तर सगळ्यात शेवटी मोजा. का, ते दोन फायनल शेजारी ठेवल्या की कळतं. २००३ ची चॅम्पियन्स लीग फायनल, बुफॉनचं युव्हेंटस विरुद्ध मिलान. बुफॉनने १२० मिनिटांत एकही गोल खाल्ला नाही, इन्झागीने सूर मारून केलेला हेडर बाहेर काढला, आणि शूटआउटमध्ये सीडॉर्फ आणि कालाद्झे यांच्या पेनल्टी अडवल्या. तरी युव्हेंटस हरलं, कारण पलीकडे मिलानचा कीपर दिदाने तीन अडवल्या. आता २०१४ ची फायनल, कासियासचं रेआल माद्रिद विरुद्ध अॅटलेटिको माद्रिद. अॅटलेटिकोच्या गोदिनच्या हेडरवर कासियास रेषा सोडून पुढे आला, चेंडूपर्यंत पोचलाच नाही, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून आत. ९३ व्या मिनिटाला रामोसने बरोबरी केली म्हणून रेआल माद्रिद वाचलं आणि जादा वेळेत ४-१ ने जिंकलं. पहिल्या रात्रीचं बुफॉनच्या कपाटात काही नाही, दुसऱ्या रात्रीचं कासियासच्या कपाटात आहे.

कासियासच्या बाजूनेही सांगतो. २००२ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये रेआलचा पहिला कीपर सेसार जखमी झाल्यावर तो ६८ व्या मिनिटाला बदली म्हणून उतरला आणि शेवटच्या काही मिनिटांत लेव्हरकुसेनचे फटके त्याने एकामागून एक अडवले. ते पदक त्याने खरोखर कमावलेलं. म्हणजे एकाच माणसाच्या दोन पदकांचंही वजन सारखं नसतं.

पदकांनंतर लोक क्लीन शीटकडे, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या सामन्यांकडे, वळतात. पेत्र चेकच्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२ क्लीन शीट आहेत, विक्रम आहे. पण २००४-०५ च्या मोसमात चेल्सीने ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले तेव्हा चेकच्या पुढे टेरी आणि कार्व्हाल्यो हे बचावपटू होते, त्यांच्या पुढे मधल्या फळीत माकेलेले. क्लीन शीट हे सामाईक खातं आहे, पासबुकावर नाव मात्र एकाचंच छापलेलं असतं. मँचेस्टर युनायटेडचा कीपर व्हॅन डर सार याची २००८-०९ मधली लीगमधली सलग १३११ गोलविरहित मिनिटंही तशीच: त्यातला त्याचा वाटा किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मग अडवलेल्या शॉटची टक्केवारी बघू म्हणाल, तर तिच्यातही खाच आहे. काल्पनिक उदाहरण घ्या. पहिल्या कीपरवर चार शॉट आले, चारही लांबून आणि मऊ, प्रत्येकाची गोल होण्याची शक्यता ०.०५. एकूण अपेक्षित गोल ०.२०. त्याने एक खाल्ला. टक्केवारी ७५. दुसऱ्यावरही चारच आले: दोनदा स्ट्रायकर एकटाच समोर (प्रत्येकी ०.४०), एक पेनल्टी (०.७५), एक जवळचा हेडर (०.५०). एकूण २.०५. त्याने दोन खाल्ले. टक्केवारी ५०. कागदावर पहिला सरस. खरं तर पहिल्याने अपेक्षेपेक्षा ०.८० गोल जास्त दिले, आणि दुसरा किंचित का होईना नफ्यात आहे. गोलकीपरसाठी मला पटणारा आकडा हा एवढाच, अपेक्षित आणि खाल्लेल्या गोलांतला फरक, तोही अनेक मोसमांचा. एका मोसमाच्या आकड्यात नशिबाचा हात मोठा असतो.

अडचण अशी की शॉटची अशी बारीक नोंद अलीकडच्या काळाचीच मिळते. याशिन किंवा झोफ अशा जुन्या काळातल्या कीपरांसाठी डोळेच वापरावे लागतात, आणि डोळे वापरायचे तर हायलाइट बंद करून पूर्ण सामने लावा. आठ-दहा पुरेत, पण त्यात दोन-तीन पराभव हवेतच. चेंडू त्याच्यापासून लांब असताना कॅमेरा दाखवेल तेव्हा तो कुठे उभा आहे ते बघा. तो बॉक्सच्या कडेपर्यंत येऊन उभा राहत असेल तर बचावफळीला दहाएक मीटर वर सरकता येतं, आणि मागे टाकलेला लांब पास तोच साफ करतो. तो शॉट झालाच नाही, म्हणून कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. क्रॉसचंही (बाजूने गोलसमोर टाकलेल्या चेंडूचं) तेच. गर्दीतून येऊन चेंडू पकडणारा कीपर हेडर होऊच देत नाही.

शॉटच्या क्षणी त्याचे पाय बघा. मारणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या वेळी कीपरची दोन्ही पावलं जमिनीवर, भार चवड्यांवर, शरीर थांबलेलं हवं. तो अजून चालत किंवा मागे सरकत असेल तर झेप घ्यायला जोर मिळत नाही, आणि गोल ७.३२ मीटर रुंद असतो. मोठी उडी दिसली की आपण टाळ्या वाजवतो, पण आधी विचारा, एक पाऊल नीट टाकलं असतं तर उडी लागली असती का? पकडता न आलेला चेंडू तो बाजूला ढकलतो की समोर, हेही बघा.

समोर ढकलण्याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. २००२ च्या विश्वचषकाची फायनल, ब्राझीलच्या रिवाल्दोचा बॉक्सबाहेरून फटका, जर्मनीचा कीपर ऑलिव्हर कानच्या छातीशी आलेला चेंडू सुटला आणि रोनाल्डोने तो आत ढकलला. चूक निखालस कानची. पण त्या आधीच्या सहा सामन्यांत जर्मनीने मिळून एकच गोल खाल्ला होता, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल कानलाच मिळाला. चूक पूर्ण मोजा, फक्त एकदाच मोजा.

ब्राझीलचा कीपर बार्बोसा याचं प्रकरण वेगळं. १९५० च्या विश्वचषकाचा निर्णायक सामना, माराकाना, उरुग्वेविरुद्ध ब्राझील १-१. उरुग्वेच्या पहिल्या गोलच्या वेळी त्यांचा गिजिया उजवीकडून आत आला होता, त्याने चेंडू मागे दिला आणि स्कियाफिनोने गोल केला. ७९ व्या मिनिटाला तोच गिजिया, तीच बाजू. बार्बोसाने पुन्हा क्रॉस धरून एक पाऊल आतल्या बाजूला घेतलं आणि गिजियाने जवळच्या खांबाच्या आतून मारला. जवळचा खांब कीपरचा, हे खरं. पण दहा-बारा मिनिटांपूर्वी त्याच जागेवरून जे घडलं होतं ते ध्यानात घेऊन त्याने पाऊल टाकलं होतं. निर्णय समजण्याजोगा, फळ भयंकर. २००० मध्ये वारला तोवर ब्राझीलने त्याला त्यातून सोडलं नाही. १९४९ ची दक्षिण अमेरिकन स्पर्धा जिंकणाऱ्या संघात तोच होता, हे किती जणांना आठवतं?

काळाचं एकच भान पुरे: १९९२. त्या उन्हाळ्यापासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास कीपरला हातात घेता येईना. त्याच वर्षी जूनमध्ये डेन्मार्कने युरो जिंकला तो जुन्या नियमाने. आघाडीवर असताना त्यांचा कीपर श्मायकलकडे चेंडू मागे द्यायचा, त्याने तो उचलायचा, वेळ जायचा. त्याआधीच्या कीपरचे पाय कच्चे होते म्हणून गुण कापू नका. ते त्यांच्या कामात नव्हतंच.

पेनल्टीवर फार भर देऊ नका, चारपैकी साधारण तीन आत जातातच. अपवाद तयारीचा. २०१२ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये चेल्सीचा चेक बायर्नच्या सहाही पेनल्टींना, रॉबेनची जादा वेळेतली धरून, बरोबर बाजूला झेपावला. त्याने आधी त्यांच्या जुन्या पेनल्टींचे व्हिडिओ बघून ठेवले होते.

तर, बुफॉन की कासियास. शिखर दोघांचंही तोडीस तोड. २००६ च्या विश्वचषकात बुफॉनने सात सामन्यांत दोन गोल खाल्ले: एक झाकार्दोचा स्वयंगोल, दुसरा झिदानची पेनल्टी. २०१० मध्ये कासियासने बाद फेरीत एकही खाल्ला नाही, पॅराग्वेच्या कार्दोसोची पेनल्टी अडवली, आणि फायनलच्या ६२ व्या मिनिटाला नेदरलँड्सचा रॉबेन एकटा समोर असताना शरीर एकीकडे पडत होतं तरी मागे राहिलेल्या उजव्या बुटाच्या टोकाने चेंडू बाहेर घालवला. अनेकांना तो नशिबाचा भाग वाटतो. मला नाही वाटत. तो शेवटपर्यंत उभा राहिला आणि पाय आखडून घेतला नाही, म्हणून बूट तिथे होता.

फरक पडतो तो बाकीच्या वर्षांत. कासियास रेषेवरचा कीपर होता, प्रतिक्षिप्त हालचालींवर जगणारा. क्रॉसवर तो कधीच पक्का वाटला नाही, गोदिनचा गोल ही त्याच दुखण्याची आवृत्ती. बुफॉन १९९५ मध्ये १७ व्या वर्षी पार्माकडून उतरला आणि २०१६ मध्ये ३८ व्या वर्षी सेरी आ या इटलीच्या लीगमध्ये सलग ९७४ मिनिटं गोल न खाण्याचा विक्रम केला. पुढे बार्झाली, बोनुची, किएलिनी हे बचावपटू होते म्हणून त्यातला अर्धा त्यांना द्या. तरीही क्रॉस, जागा आणि सातत्य या तिन्हींत तो पुढे राहतो.

माझं मत बुफॉनला. कुणी २०१० पुढे करून कासियासला वर ठेवलं तर मी भांडणार नाही. तीन चॅम्पियन्स लीग पुढे केल्या तर मात्र २००३ चा सामना पूर्ण १२० मिनिटं बघायला लावीन.