पन्नास लाख चौकोनांचा गणपती

माझ्या मामांचा पेणजवळ गणपतीचा कारखाना आहे. गेल्या वर्षी त्यांना बारा इंची मूर्तीचा नवा नमुना हवा होता. मी फुशारकीत बोलून बसले, की मातीत नको, मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करते. थ्रीडी प्रिंट काढू आणि त्यावरून रबरी साचा घेऊ. बैठक, पोट, सोंड इथपर्यंत काम झकास चाललं. गळ्यातल्या माळेला हात घातला आणि लॅपटॉपने मान टाकली.

म्हणजे बंद पडला नाही. पडद्यावर कोरायचा ब्रश फिरवायचा आणि वाट बघत बसायचं. अर्ध्या सेकंदाने रेघ उमटायची, तीही गोलाई सोडून तुटक, कोनाकोनाची. पोट गुळगुळीत करायला मोठा ब्रश घेऊन शिफ्ट दाबलं की सगळंच गोठायचं. पंख्याची घरघर ऐकून आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "मिक्सर कोणी लावलाय?"

ज्याला विचारावं तो म्हणे, ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घे. पैसे भरण्याआधी सहज टास्क मॅनेजर उघडला. १६ जीबी रॅम जवळपास संपलेली, डिस्क धापा टाकतेय आणि ग्राफिक्स मात्र निवांत. ब्लेंडरमध्ये मूर्ती म्हणजे बिंदू जोडून झालेल्या चौकोनांची जाळी, तिला मेश म्हणतात. ब्रशने कुठला बिंदू किती हलवायचा हा हिशोब सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर करतो. कार्डाकडे काम असतं ते मेश पडद्यावर दाखवण्याचं. म्हणजे ऐंशी हजार घालून मी दुखऱ्या गुडघ्यासाठी चष्मा आणणार होते.

मग ओव्हरलेमधून स्टॅटिस्टिक्स, म्हणजे मेशची आकडेवारी, चालू केलं. फेसेस, म्हणजे चौकोन, पन्नास लाख! कारण मीच होते. मणी नीट उठेनात म्हणून व्हॉक्सेल रिमेशचा (अख्खी जाळी नव्याने विणणारी सोय) आकार ०.५ मिलिमीटरवरून ०.२ वर आणला होता. हे रिमेश सगळीकडे सारखीच दाटी करतं. मण्यांसाठी बारीक जाळी मागितली, ती पाठीला आणि पाटाच्या तळालाही मिळाली. आकार निम्मा केला की चौकोन चौपट होतात. माझे आठ लाखांचे पन्नास लाख झाले होते.

मामांना व्हिडिओ कॉलवर वायरफ्रेम, म्हणजे नुसती जाळी, दाखवली. त्यांना ब्लेंडरमधलं ओ की ठो कळत नाही, पण म्हणाले, "अगं, पाठीला एवढी बारीक जाळी कशाला? आम्ही हातसुद्धा वेगळे ओततो न् मागनं चिकटवतो. तू सगळं एकाच साच्यात कोंबतेस होय?"

त्याच रात्री मूर्ती फोडली, फाइलमधली. धड, मुकुट, प्रभावळ, पाट असे वेगळे ऑब्जेक्ट केले. ज्यावर काम करायचं तेवढंच लोकल व्ह्यूमध्ये उघडं, बाकी झाकलेलं. हे करताना एक लाजिरवाणी गोष्ट सापडली: कधीतरी एसटीएलचा (प्रिंटसाठी काढायच्या फाइलचा) आकार बघायला लावलेला डेसिमेट मॉडिफायर, म्हणजे चौकोन कमी करून दाखवणारा थर, तसाच चालू होता. मल्टिरेझ (एकाच मेशच्या जाड ते बारीक पातळ्या ठेवणारा मॉडिफायर) सोडून दुसरा कुठलाही मॉडिफायर चालू असला, की स्कल्प्ट मोडमधला, म्हणजे कोरकामातला, झटपट दाखवण्याचा मार्ग बंद होतो. डेसिमेट बंद केला आणि ब्रश एकदम हलका झाला. आठवडाभराच्या शिव्यांपैकी निम्म्या त्या एका चालू राहिलेल्या मॉडिफायरमुळे होत्या.

धडासाठी मल्टिरेझ घेतलं. आधी जाडसर रिमेश, मग क्वाड्रिफ्लो (चौकोन नीट ओळीत लावणारं दुसरं रिमेश), आणि साधारण आठ हजार चौकोनांचा पाया. प्रत्येक पातळीला चौपट, म्हणजे चौथ्या पातळीला वीस लाख अठ्ठेचाळीस हजार. पण चौथीवर कायम बसायचं नाही. पोटाचा घेर, मांडीचा भार दुसऱ्या पातळीवर. पितांबराची किनार तेवढी चौथीवर. टूलच्या ऑप्शन्समध्ये फास्ट नॅव्हिगेट आहे, ते लावलं की मूर्ती फिरवताना तात्पुरती खालची पातळी दिसते. जुनी कलाकुसर श्रिंकरॅपने, म्हणजे नवी मेश जुनीवर चिकटवून, नव्या मेशवर उतरवली. कानांनी मात्र दगा दिला. कान पातळ, त्यामुळे पुढचे बिंदू मागच्या बाजूला जाऊन चिकटले आणि कानांचे चुरगळलेले पापड झाले. ते हातानेच पुन्हा केले.

मणी कोरायचे सोडूनच दिले. एक मणी बनवला आणि ऑल्ट-डीने त्याच्या लिंक्ड प्रती माळेवर ओवल्या. सगळ्या प्रती एकच मेश वापरतात, त्यामुळे मेमरीत मणी एकच. हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

तरीही वीस लाख कमी पडतील अशी धाकधूक होतीच. कागदावर हिशोब मांडला. बारा इंची मूर्तीचा पृष्ठभाग अंदाजे दोन लाख चौरस मिलिमीटर धरला, तर वीस लाखांतला एक चौकोन जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटरचा. ज्या प्रिंटरवर काढायचं त्याचा नोझल, म्हणजे प्लास्टिक सोडणारं तोंड, ०.४ मिलिमीटर. म्हणजे वीस लाखांच्या पुढचं काम प्रिंटरच्या बापालाही दिसलं नसतं. शिवाय बायनरी एसटीएलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात. पन्नास लाख चौकोन म्हणजे एक कोटी त्रिकोण, म्हणजे ५०० एमबी. ती फाइल उघडताना स्लायसर (प्रिंटरसाठी थर पाडणारं सॉफ्टवेअर) दोनदा झोपला होता. आता प्रत घेऊन त्यावरच डेसिमेट लावलं, दहा लाख त्रिकोणांपर्यंत. ५० एमबीची फाइल झाली.

प्रिंट तुकड्यांतच काढली, पेणला नेली. थरांच्या रेघा घालवायला मामांनी लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपरने घासायला घेतलं. घासता घासता पितांबराची किनार निम्मी गेली, जिच्यासाठी मी चौथ्या पातळीवर तीन रात्री जागले होते. मामांनी चष्मा सावरला, कोरणी घेतली आणि गेलेली किनार वीसेक मिनिटांत पुन्हा काढून दिली.