झिजलेला अंधार

लंडनमधल्या एका छोट्या लिलावगृहात जुनी मुद्राचित्रं तपासून त्यांच्या नोंदी करणं हे माझं काम. एकदा एक वयस्कर बाई चौकटीतलं चित्र काखोटीला मारून आल्या. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘लोस काप्रिचोस’ या मुद्राचित्र-मालिकेतली ४३ क्रमांकाची प्लेट. टेबलावर डोकं टेकून झोपलेला चित्रकार, पाठीमागे घुबडं-वटवाघळांचा थवा, आणि टेबलाच्या बाजूला स्पॅनिशमध्ये लिहिलेलं, की विवेक झोपला म्हणजे राक्षस निपजतात. ही १७९९ ची पहिली छपाई आहे, असं वडिलांनी त्यांना सांगितलं होतं.

चौकट काढली. कागदावर छपाईच्या तांब्याच्या प्लेटचा दाब स्पष्ट उमटलेला होता आणि भिंगाखाली आधुनिक ऑफसेट छपाईचे ठिपके नव्हते. म्हणजे ठसा बहुधा गोयाच्याच तांब्यावरून निघालेला. पण शाई काळी; पहिल्या आवृत्तीची शाई तपकिरीकडे झुकते. मी हे सांगत होते तेवढ्यात बाई म्हणाल्या, “मला यात राक्षस कधी जाणवलेच नाहीत. माणूस जेवून आडवा झालाय, एवढंच दिसतं.”

मला त्यांचं म्हणणं फार आवडलं, कारण त्यांच्या हातातल्या कागदापुरतं ते खरंच होतं.

या चित्रातली माणसाची आकृती एचिंगच्या, म्हणजे आम्लाने तांब्यात खोदलेल्या, रेषांची आहे, पण रात्र आहे ती ॲक्वाटिंटची. रांगोळी भुरभुरावी तशी राळेची पूड प्लेटवर पाडतात, खालून ताप देऊन ती चिकटवतात आणि प्लेट आम्लात बुडवतात. कणांच्या मधलं तांबं खाल्लं जातं, त्या उथळ खाचांत शाई बसते. जे उजळ ठेवायचं ते आधीच वार्निशने झाकायचं. टेबलावरची ती अक्षरं अशीच, करड्या छटेत उजळ राखलेली. शिवाय प्लेटवर उलटी काढावी लागलेली. रेषा खोल असतात, त्या टिकतात. उथळ खाचा दर छपाईला पुसताना आणि दाबताना झिजत जातात. आधी जाते ती रात्रच.

पुढच्या आठवड्यात वेळ घेऊन आम्ही ब्रिटिश म्युझियमच्या प्रिंट रूममध्ये पहिल्या आवृत्तीचा ठसा पाहिला. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी ते घुबड दाखवलं, जे खडू धरण्याची दांडी झोपलेल्या चित्रकाराच्या पुढे करतं. घुबड म्हणजे शहाणपण, असं त्या धरून चालल्या होत्या. इथे तो अर्थ बसत नाही. या चित्रातलं घुबड सहसा मूर्खपणाचं आणि वटवाघूळ अज्ञानाचं रूपक मानतात; म्हणजे चित्रकार झोपला की त्याचं हत्यार मूर्खपणाच्या पंज्यात. जमिनीवर बसलेला लिंक्स, म्हणजे रानमांजर, तेवढा टक्क जागा.

गोयाने ८० चित्रांचा हा संच माद्रिदमध्ये अत्तरं आणि मद्य विकणाऱ्या दुकानात ३२० रेआलना (रेआल हे तेव्हाचं स्पॅनिश नाणं) विकायला ठेवला होता. खपले २७. १८०३ मध्ये त्याने प्लेटा आणि उरलेले २४० संच राजाला देऊन मुलासाठी निवृत्तिवेतन पदरात पाडून घेतलं. त्या प्लेटांवरून १९३७ पर्यंत एकूण बारा आवृत्त्या निघाल्या.

बाईंचा ठसा त्यांतल्या नेमक्या कोणत्या आवृत्तीचा, ते कागदावरून ठरवायचं अजून बाकी आहे. विकायचा मात्र त्यांनी आता नाद सोडलाय.