तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांना तरी राजवाडा दाखवायचास!

"उल्ममध्ये राहतेस आणि नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा बघितला नाहीस?" जर्मनीत अकरा वर्षं हेच ऐकतेय. मग रविवारी करतेस काय? चालते. कुठे? मी लोनेटाल, म्हणजे लोने नदीची दरी, म्हणते, की समोरचा माणूस विषय बदलतो. पण दोन वर्षांपूर्वी बाबा येऊन गेल्यापासून प्रश्नाला शेपूट फुटलंय: "तू नको बघूस, बाबांना तरी दाखवायचास!"

पूर्वी मी गर्दीवर भाषण द्यायचे. राजवाड्यात ठरलेल्या वेळेला आत सोडतात, घोळक्यानं फिरवतात, फोटोसुद्धा काढू देत नाहीत, वगैरे. त्यातलं खोटं काही नाही, पण कारण ते नव्हतं. विद्यार्थी असताना पैसे नव्हते. स्टेशनवर उतरून चालायला तिकीट लागत नाही, एवढंच. नोकरी लागल्यावर त्याच कंजुषीला मी आवड म्हणायला लागले. नंतर ती खरोखरच आवड झाली, हेही तितकंच खरं.

तर बाबा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मी त्यांना सांगितलं, नदीकाठानं जाऊ, चाळीस हजार वर्षांपूर्वी माणसं राहायची त्या गुहा बघू. सप्टेंबरातला रविवार. नीडरश्टोत्सिंगेनला उतरलो आणि शेतांतून फोगेलहेर्डच्या गुहेपर्यंत गेलो. तिथे १९३१ मध्ये हस्तिदंताच्या चिमुकल्या मूर्ती सापडल्या. त्या वेळी उकरून बाहेर टाकलेली माती पुन्हा चाळली, तेव्हा २००६ मध्ये पावणेचार सेंटिमीटरचा अख्खा मॅमथ निघाला. टाकलेल्या मातीत! मी हे रंगवून सांगत होते. बाबा खाली दरीत बघत होते.

"नदी कुठाय गं?"

नदी नव्हती. पात्र होतं, पुलाचा कठडा होता, पाणी नव्हतं. खाली सगळी चुनखडी, वर्षातले कितीतरी महिने लोनेचं पाणी त्यातून खाली जातं. मला हे माहीत होतं. त्यांना सांगायचं मात्र सुचलं नव्हतं. बाबा पात्रात उतरले, बुटानं गोटे हलवले आणि म्हणाले, "इथं पाणी मुरतंय." आयुष्यात पहिल्यांदाच मी हे वाक्य शब्दशः ऐकलं. दोघं खूप हसलो. तिथूनच परत फिरायला हवं होतं.

मी त्यांना होलनश्टाइनपर्यंत नेलं. तिथल्या गुहेत १९३९ मध्ये, युद्ध सुरू व्हायच्या आदल्याच आठवड्यात, सिंहाच्या डोक्याच्या माणसाची मूर्ती सापडली, तुकड्या-तुकड्यांत. आज ती उल्मच्या म्युझियममध्ये आहे, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. म्हणजे मी बाबांना, मूर्ती जिथे नाही, तो काळोख दाखवायला पायपीट करवली. गुडघा दुखत असल्याचं ते सकाळपासून बोलले नव्हते. उठताना पाय वळेचना. रविवारी बस नाही. टॅक्सी दीड तासानं येईल म्हणाले. शेवटी कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईंनी गाडीतून स्टेशनला सोडलं. बाबा मागच्या सीटवर कुत्र्याशेजारी ताठ बसले होते, ऑफिसच्या जीपमध्ये बसायचे तसे.

त्या रात्री ते बाल्कनीतून साताऱ्याच्या मित्राशी बोलत होते.

"बघितला की! डोंगरावर, पांढराशुभ्र. आत फोटो काढू देत नाहीत ना, नायतर पाठवला असता."

शेवटचं वाक्य माझं होतं. तेच माझ्या भाषणातलं.

राजवाडा दोन-तीन तासांवर होता आणि बाबांच्या मुक्कामाचे अजून नऊ दिवस बाकी होते. मी तिकिटं काढली नाहीत. गुडघ्याचं निमित्त झालं, पण खरं तर राग आला होता. त्यांना लाज कोणाची वाटली, माझी की त्या कोरड्या नदीची? हे त्यांना अजून विचारलेलं नाही. आणि कदाचित त्यांनी मलाच सांभाळून घेतलं असेल, असंही वाटतं. तो विचार जास्त टोचतो.

तेव्हापासून दर फोनला ते विचारतात, "नदीला पाणी आलं का गं?" चेष्टा असते की चौकशी, आवाजावरून कळत नाही. यंदा मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर मी एकटीच गेले. त्याच पुलाखालून लोने खळाळत वाहत होती, गवताच्या कडेपर्यंत. कठडा दिसेल असा फोटो काढला आणि तिथूनच पाठवला.

संध्याकाळी उत्तर आलं: "ही ती नव्हे."