सुई आणि रिपोर्ट यांच्या मधले दिवस

आधी शेवट सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. माझी स्तनातली गाठ साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली, निघाली. फायब्रोअडेनोमा. काही करायचं नाही, वाढली किंवा बदलली तर यायचं, असं सांगून त्यांनी मला घरी पाठवलं. हे लिहितेय ते त्या गाठीबद्दल नाही. ते कळेपर्यंतच्या दिवसांत इंग्लंडमधल्या दवाखान्यांची पद्धत आणि आपलं सांगली-कोल्हापूरचं मन यांची जी ओढाताण झाली, त्याबद्दल आहे.

गाठ लागली आंघोळ करताना. बोटाला वाटाण्याएवढी, घट्ट, दाबली की सटकणारी. वय ४४. रेडिंगला आम्ही राहतो. इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, स्पेशालिस्टकडे थेट जाता येत नाही, आधी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. जीपीबाईंनी तपासलं आणि संशयित कर्करोगाच्या रांगेत नाव घातलं. ‘संशयित’ हे कानावर पडलं आणि पुढचं काहीही मला ऐकू आलं नाही. खरं तर ते फक्त रांगेचं नाव आहे. त्या रांगेतून जाणाऱ्या बहुतेक बायकांना कर्करोग नसतोच. बाईंनी तेही सांगितलं होतं म्हणे. नवरा शेजारी बसला होता, त्याने ऐकलं.

इथला नियम असा. पूर्वी अशा पेशंटला दोन आठवड्यांत तज्ज्ञाने बघितलं पाहिजे असं बंधन होतं. ऑक्टोबर २०२३ पासून ते बदललं: आता जीपीने पाठवल्यापासून २८ दिवसांत कर्करोग आहे की नाही हे पेशंटला कळलं पाहिजे. हे उद्दिष्ट आहे, प्रत्येकीच्या बाबतीत पाळलं जातं असं नाही. पण मला त्या आकड्याचा आधार झाला. अनिश्चिततेला निदान एक काठ असावा, असं वाटत होतं.

आपल्याकडे काय झालं असतं? सकाळी सोनोग्राफी, संध्याकाळी हातात पाकीट, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मामेभावाच्या मित्राच्या डॉक्टर बायकोचं मत. पैसे असले तर वाट थोडी आणि माणसं भरपूर. इथे एक पैसा द्यावा लागला नाही, पण वाट मोठी आणि आपण एकटे. कुठलं बरं, ते मला अजूनही ठरवता येत नाही. पैसे नसलेल्या बाईसाठी मात्र उत्तर सरळ आहे.

क्लिनिकचा दिवस त्या मानाने सोपा गेला, कारण काहीतरी घडत होतं. इथे स्तनाच्या गाठीची तिहेरी तपासणी असते: डॉक्टरांनी हाताने बघायचं, मग मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी, आणि लागलीच तर सुईने तुकडा काढायचा. शक्यतो सगळं एकाच फेरीत. चाळिशीच्या आतल्या बायकांना बहुधा आधी सोनोग्राफीच करतात, कारण तरुण वयात स्तन दाट असतात आणि मॅमोग्रामवर नीट दिसत नाही. तपासताना सोबत एक नर्स उभी राहील का, असं आपणहून विचारतात. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं आधी कळवता येतं. मिळेलच याची खात्री नाही, पण विचारायला लाजू नये.

सोनोग्राफीची खोली अंधारी. डॉक्टरबाई गप्पा मारत होत्या, हवेबद्दल, आमच्या गणपतीबद्दल. मग पडद्यावर काळसर लंबगोल आला आणि त्या गप्प झाल्या. माऊसचं टिक, एक रेघ. टिक, दुसरी रेघ. गाठीचं माप घेताना कुणीही गप्पच बसेल. पण त्या शांततेचे मी जेवढे अर्थ लावले तेवढे दहावीला कवितांचेही लावले नव्हते. ‘यू ३’ असं त्या म्हणाल्या. इथे एक ते पाच अशी श्रेणी असते. तीन म्हणजे बहुधा साधी, पण डोळ्यांनी खात्री देता येत नाही, म्हणून सुई.

सुईबद्दल आपल्याकडे एक भीती फार खोल बसलेली आहे: सुई लावली की आजार पसरतो. माझ्या चुलत सासूबाई तर आजही तेच सांगतात. म्हणून मी डॉक्टरबाईंना स्पष्ट विचारलं. हा प्रश्न इथल्या बायकाही विचारतात, असं त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं, ही भीती बाळगून सुई टाळण्यासारखं काही नाही. उलट सुईने निदान न करता थेट गाठ कापायला घेणं हे चुकीचं, कारण काय कापतोय हेच माहीत नसतं. भूल दिली, ती टोचली तेवढंच दुखलं. मग स्टेपलरसारखा खट्‌ आवाज. तो आवाज होणार हे त्या आधी हवेत करून दाखवतात, नाहीतर माणूस दचकून हलायचा. वर पट्टी, घरी गेल्यावर बर्फाचा शेक, आणि दोन-चार दिवस जड काही उचलायचं नाही.

आणि मग रिकामे दिवस.

रिपोर्टला वेळ का लागतो, हे तिथल्या नर्सने सांगितलं आणि माझी निम्मी चिडचिड गेली. तुकडा प्रयोगशाळेत जातो, रसायनांतून काढून, मेणात घट्ट करून त्याचे पातळ काप करतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मग सर्जन, सोनोग्राफीवाले आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतात आणि तिन्ही तपासण्या एकमेकींशी जुळतात का ते बघतात. सुई म्हणते साधी आणि चित्र म्हणतं संशय, असं झालं तर तशीच मान डोलवून सोडत नाहीत, पुन्हा बघतात. ही बैठक ठरलेल्या दिवशीच होते. आपला तुकडा आदल्या दिवशी तयार झाला नाही तर पुढच्या बैठकीत. म्हणजे उशीर झाला याचा अर्थ ‘काहीतरी सापडलंय’ असा नाही. हे मी कागदावर लिहून फ्रिजला लावलं होतं.

‘काही नसेल गं’ हे वाक्य मला त्या दिवसांत ऐकवेनासं झालं. म्हणणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण ते ऐकलं की आपलं बोलणं तिथेच संपतं. इथल्या मैत्रिणीने ते म्हटलं नाही. तिने विचारलं, रिपोर्टच्या दिवशी मुलाला शाळेतून मी आणू का? एवढंच. आईला मी सांगितलं नाही. तिचं बीपी, बाबांच्या मागे तिचं एकटीचं राहणं, आणि मधे सात हजार किलोमीटर. कोल्हापूरच्या ताईला सांगितलं. घरातल्या एका तरी माणसाला माहीत हवं, हे माझं मत आहे. सगळ्यांना सांगितलं की सगळ्यांना धीर देण्याचं काम आपल्याच अंगावर पडतं.

बाकी उपायांचं म्हणाल, तर प्राणायाम मला अजिबात जमला नाही. श्वासावर लक्ष म्हणजे छातीवर लक्ष, आणि छातीवर लक्ष म्हणजे गाठीवर! जमलं ते वेगळंच. एनएचएसच्याच मानसिक आरोग्याच्या सल्ल्यात ‘काळजीची वेळ’ नावाचा प्रकार आहे: दिवसातली दहा-पंधरा मिनिटं काळजीसाठी राखून ठेवायची आणि बाकी वेळी मनात आलं की ‘त्या वेळी बघू’ म्हणायचं. मला हसू आलं होतं. पण संध्याकाळच्या चहानंतर मी वही घेऊन बसायला लागले आणि मनात येईल ते लिहिलं: केस जातील का, व्हिसाचं काय, मुलाला कोण बघेल. लिहिलेली काळजी रात्री तीनला तेवढी जोर करत नव्हती. इंटरनेटवर जगण्या-मरण्याची टक्केवारी वाचणं मी बंद केलं, कारण ती टक्केवारी निदान झालेल्यांची असते आणि मला अजून निदानच नव्हतं. आणि गाठ चाचपणं. दिवसभर दाबून दाबून ती जागा इतकी हुळहुळी झाली होती की आता दुखायलाही लागली म्हणून मी नव्याने घाबरले. नर्सने फोनवर शांतपणे सांगितलं, हात लावू नका. तिचा नंबर क्लिनिकमधून निघतानाच दिलेला असतो. तो वापरावा, त्यासाठीच असतो.

गणपती त्याच आठवड्यात. लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जायचं ठरलेलं होतं, गेले. आरतीत जोरात ओरडता येतं, हे एक बरं.

रिपोर्ट ‘बी २’. सुईच्या श्रेणीत दोन म्हणजे साधी. मग आईला फोन केला. ती आधी गप्प, मग म्हणाली, “तरीच गणपतीत फोनवर एवढी गोड बोलत होतीस.” मी म्हटलं, आता तूही दाखवून घे. “मला काय झालंय? दुखत तर काही नाही.”

इथेच तर घोळ आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून आपल्या बायका महिनोन्‌महिने थांबतात. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसतं हाताने तपासलं, मशिनं नाहीत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. सगळ्या वयांच्या बायका मिळून ठाम काही म्हणता आलं नाही, पण पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. हे सगळं आईला फोनवर ऐकवलं. तिने विचारलं, मोदक फुटले नाहीत ना?

ताईने दोघींची वेळ घेतली आहे, येत्या गुरुवारची. आई अजून नाही नाही म्हणतेय, पण ताई गाडी घेऊन सांगलीला जाणार आहे.