कॉइनेक्सला टेबल लावायचं असेल तर: पुणे दौरा आणि थोडं कामाचं

यंदा पुण्याच्या कॉइनेक्सला टेबल घेतलं होतं. परत आल्यापासून रोज कोणी ना कोणी विचारतंय की कसं झालं, धंदा झाला का, आम्हाला यायचं तर काय काय तयारी लागते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी कोल्हापूरचा, नाण्यांचा धंदा करतो, मुख्य काम मराठा नाण्यांचं. शिवराई, दुदांडी ही तांब्याची नाणी, पेशवाईतले रुपये, हे सगळं. ब्रिटिश इंडिया पण ठेवतो थोडंफार, ठेवावंच लागतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉइनेक्स म्हणजे पुण्याच्या इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्सचं प्रदर्शन. शुक्रवार ते रविवार असतं, कर्वे रोडला सोनल हॉलमध्ये. देशभरातून डीलर येतात, नाणी, नोटा, पोस्टाची तिकिटं, मेडल्स, सगळंच. पार्किंगचं नाव काढू नका, गाडी मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून मेट्रोने गरवारे कॉलेज स्टेशनला उतरा आणि चालत या. डीलर लोकांनी मात्र पहिल्या दिवशी माल घेऊन रिक्षाच करावी.

आता मुख्य मुद्दा, तो आधीच सांगून टाकतो. टेबलावर सगळं मांडू नका. बहुतेक नवे डीलर घरात असेल नसेल ते सगळं घेऊन येतात, एका कोपऱ्यात कुशाण, मधे मोगल, पलीकडे नया पैसाचे सेट, 786 नंबरच्या नोटा, आणि मग गिऱ्हाईक येतं, एक नजर टाकतं आणि पुढे जातं, कारण असंच टेबल शेजारी पण आहे आणि त्याच्या शेजारी पण. मी समोर मोठ्या अक्षरात 'फक्त मराठा नाणी' एवढंच लिहिलं होतं, ब्रिटिश माल सगळा खाली पेटीत, कोणी मागितला तरच काढायचा. फरक पहिल्या दुपारीच दिसला. लोक बोर्ड वाचून थांबत होते, बसत होते, प्रश्न विचारत होते. आणि बाकीचे डीलरच त्यांच्याकडे आलेल्या लोकांना सांगायला लागले की शिवराई ना, त्या टेबलावर जा. असली जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

शुक्रवारी सकाळी हॉल पब्लिकसाठी उघडायच्या आधीचा वेळ हा डीलर-डीलरच्या व्यवहाराचा. तो चुकवू नका, आदल्या रात्रीच पुण्यात पोचा. (नळस्टॉपला पहाटे पोहे आणि चहा मिळतो, तो घेऊनच जा, नंतर जेवायला टेबल सोडता येत नाही.) टेबल मांडून झालं की दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं आणि भिंग, टॉर्च घेऊन फिरायचं. मला या वेळात चांदोरी (चांदवडच्या टांकसाळीच्या) रुपयांचा एक छान लॉट मिळाला आणि काही अंकुशी रुपये, त्यातल्या एकावर अंकुशाची खूण इतकी स्वच्छ आली होती की दोन बोटांत धरून बघतच बसलो. अंकुशी म्हणजे पुण्याच्या टांकसाळीचा रुपया, त्यावर मुहियाबाद उर्फ पूना असं टांकसाळीचं नाव फारसीत असतं. पण ठोकताना ठसा मोठा आणि नाण्याची चकती लहान, त्यामुळे नाव पूर्ण येणं फार कठीण, कधी नुसती शेपटी येते अक्षराची. ज्यावर नाव, साल आणि अंकुश तिन्ही वाचता येतं त्याची किंमत वेगळीच. हे गिऱ्हाइकाला नाणं हातात देऊन दाखवा, नुसतं 'रेअर आहे' म्हणू नका.

आणि एक प्रश्न प्रत्येक जण विचारतोच, की पेशव्यांच्या नाण्यावर दिल्लीच्या बादशहाचं नाव का? उत्तर तयार ठेवा. बाजारात सराफ बादशाही छापाचाच रुपया ओळखायचे आणि घ्यायचे, त्यामुळे सत्ता मराठ्यांची असली तरी रुपया शाह आलमच्या नावानेच पडत राहिला, आपली खूण म्हणून अंकुश टाकला. लोक हे ऐकून खूश होतात, बरेच जण मग रुपया घेतातच.

शिवराईचं सांगतो, माझं सगळं टेबल त्यावर चालतं. तांब्याचं साधं नाणं, एका बाजूला तीन ओळीत श्री राजा शिव, दुसरीकडे छत्र पति, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. मी एक मोठा ट्रे झिजलेल्या शिवराई नाण्यांचा समोरच ठेवतो, कोणीही उचलून बघा, हातात घ्या, भिंगातून बघा. शो-केसमधल्या भारी नाण्यांपेक्षा या ट्रेने जास्त माणसं जोडली. जुन्नरकडचा एक कॉलेजचा मुलगा आला, ट्रे चाळता चाळता त्याने विचारलं, "काका, ही महाराजांच्या हयातीतली आहे का?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि इथे डीलरने खरं बोललंच पाहिजे. राज्याभिषेक 1674 चा, पण श्री राजा शिव हा मजकूर पुढच्या छत्रपतींनी पण चालू ठेवला, आणि दुदांडी, म्हणजे ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली, ती तर अजून खूप नंतरची, पेशवाईच्या अखेरीकडची. बहुतेक शिवराईवर साल नसतं. त्यामुळे अक्षराचं वळण, वजन, ठिपके यावरून अंदाज बांधतात, त्यात अभ्यासकांचे पण मतभेद आहेत. मी त्याला तेच सांगितलं की तुझ्या हातातली नंतरची आहे, आणि हयातीतली म्हणून कोणी छातीठोकपणे विकत असेल तर त्याला विचार कशावरून. मुलाने चार वेगवेगळ्या वळणाच्या शिवराया निवडून घेतल्या आणि रविवारी मित्रांना घेऊन परत आला.

बनावट शिवराई खूप आली आहे बाजारात, ओतीव. घ्यायला येणाऱ्यांनी हे बघा. नाण्याची कड बघा, साच्याची बारीक रेघ कडेवर फिरलेली दिसली किंवा ती कानशीने घासून काढल्यासारखी वाटली तर ठेवून द्या. मग पृष्ठभाग भिंगाखाली बघा, ओतीव नाण्याला सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि अक्षरं कडेला गोलसर, मऊ दिसतात. ठोकलेल्या नाण्याचं अक्षर झिजलं तरी त्याची कड धातूतून वर आलेली कळते. हिरवा रंग रासायनिक पण चढवतात, तो सगळीकडे सारखा असतो, खोलगट भागात वेगळा आणि वर वेगळा असं नसतं. आणि ठिपक्यांचं वर्तुळ पूर्ण, अक्षरं सगळी मध्यभागी, नाणं एकदम गोल असं सगळंच एकत्र मिळालं तर दहा वेळा बघा. सोबत खिशात मावणारा काटा ठेवा, पॉइंट झिरो वन ग्रॅमचा, आणि दहा पटीचं भिंग. हॉलमधल्या पिवळ्या उजेडावर विसंबू नका, डीलरने स्वतःचा पांढरा एलईडी दिवा आणि लांब एक्सटेन्शन बोर्ड आणावा.

शनिवारी सगळ्यात जास्त गर्दी, आणि शनिवारीच लोक घरची नाणी दाखवायला आणतात. एक आजी नातीला घेऊन आल्या, रुमालात गुंडाळून होन, म्हणजे शिवकाळातलं सोन्याचं नाणं, आणला होता. चेहऱ्यावर इतका आनंद. हातात घेतल्या घेतल्या कळलं, आकार मोठा आणि कड मशीनची. खरा होन करंगळीच्या नखाएवढा असतो, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि शिवछत्रपतींचे अस्सल होन जगात मोजकेच. राज्याभिषेकाच्या 350 व्या वर्षाच्या सुमारास अशी सोन्याचं पाणी दिलेली आठवण-नाणी खूप विकली गेली, तीच घरोघर आहेत. मी आजींना खाली बसवलं, दोन्ही बाजू भिंगातून दाखवल्या, ही आठवण म्हणून जपा पण जुनं नाणं नाही, कोणी लाखो देतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका असं सांगितलं. हे सांगताना हळू आवाजात सांगा, गर्दीत चारचौघांत 'डुप्लिकेट आहे' असं ओरडू नका, माणूस दुखावतो. नातीला ट्रेमधली एक शिवराई दिली मी.

यावरूनच आठवलं, वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं घेऊन येणारे अजून येतात, मोबाईलवर कोणीतरी पाच लाखाला घेतो म्हणालेला असतो आणि आधी टॅक्स भरा म्हणतो. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारासाठी आम्ही कसलंही कमिशन किंवा फी मागत नाही, कोणाला तसे अधिकार पण दिलेले नाहीत. पैसे मागितले की फोन ठेवा.

दुसरा प्रकार जास्त गंभीर. एक जण पिशवीतून मातीने चिकटलेली रुपयांची ढेकळं काढायला लागला, म्हणाला शेतात सापडलंय, शेठ, सगळं एकदम घ्या, स्वस्तात देतो. हे घ्यायचं नाही, कितीही मोह झाला तरी. 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवायला लागतं. आणि कायदा सोडा, एका मडक्यातली नाणी एकत्र राहिली तर ती कधी पुरली, कुठल्या टांकसाळीची नाणी त्या गावात फिरत होती हे सगळं कळतं, फोडून दहा जणांना विकली की इतिहास गेला, परत मिळत नाही. मी त्याला हेच समजावून सांगितलं आणि तहसील कार्यालयात जायला सांगितलं. नव्या डीलर लोकांना हात जोडून विनंती, अशा मालाला हात लावू नका.

परदेशात राहणारी आपली मंडळी पण भेटली, सुट्टीवर आलेली, त्यांना न्यू जर्सीला घेऊन जायला अंकुशी रुपया हवा होता. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं म्हणजे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू, ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. स्पष्ट सांगा, विक्री गेली तरी चालेल. त्यांनी शेवटी घेतला आणि पुण्यात वडिलांकडे ठेवला.

चांदीच्या भावामुळे राणीछाप आणि जॉर्जचे रुपये विकायला येणारे यंदा खूप. बघा, 1939 पर्यंतचा रुपया 11.66 ग्रॅम आणि त्यात चांदी 91.7 टक्के, म्हणजे साधारण 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी. 1940 ते 45 चे रुपये दिसायला तसेच पण चांदी निम्मी. 1947 चा तर निकेलचा. विकणाऱ्याला हे सांगून भाव द्या, तो पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतो. आणि 1939 चा दुर्मीळ रुपया कोणी काढला तर आधी शेवटचा 9 भिंगाखाली बघा, आकडा बदललेले फिरतायत. 1911 चा रुपया, ज्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली होती, तो पण लोकांना आवडीने दाखवा, ती गोष्ट ऐकायला गर्दी होते.

पैशाचं. गर्दीत नेटवर्क जातं, यूपीआय अडकतं, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. बऱ्याच लोकांची दिवसाची लाखाची मर्यादा दुपारपर्यंत संपते, मोठ्या व्यवहाराला बँक ट्रान्सफर घ्या. रोख दोन लाख किंवा त्याच्या वर एका माणसाकडून एका दिवसात घ्यायची नाही, कायद्यात बसत नाही. बिलबुक ठेवा, बिलावर नाण्याचं वर्णन आणि वजन लिहा, आणि बनावट निघालं तर परत घेऊ हे पण लिहा. मी लिहितो.

बघायला येणाऱ्यांसाठी थोडं. व्हरायटी हवी तर शुक्रवारी सकाळी या, घासाघीस करायची तर रविवारी संध्याकाळी, तेव्हा डीलरला पण माल परत न्यायचा कंटाळा आलेला असतो. हवं असलेल्या नाण्यांची यादी लिहून आणा. नाणं कडेने धरा, अंगठ्याने चोळू नका. आणि घरी नेऊन चिंच, लिंबू, रांगोळी, कशानेही घासू नका, चकाकलेल्या नाण्याची किंमत निम्म्याच्या पण खाली येते आणि तो जुना रंग परत येत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवलं तर तांब्यावर हिरवा चिकट थर येतो, पुठ्ठ्याचे होल्डर घ्या, त्याच प्रदर्शनात स्वस्तात मिळतात. मुलांना आणा. नव्या नाण्यांवर सालाखाली खूण बघायला शिकवा, चौकोनी हिरा असेल तर मुंबई, चांदणी हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एवढ्यावर मुलं तासभर रमतात.

टेबलावर कायम दोन माणसं पाहिजेत, हे न जमणारं असेल तर टेबल घेऊच नका. एक बोलणार, एक हातांकडे बघणार. एका वेळी एकच नाणं बाहेर काढा, ते परत ट्रेमध्ये गेल्यावरच दुसरं. रात्री माल हॉलवर ठेवायची सोय आहे की बरोबर न्यायचा हे बुकिंग करतानाच विचारून घ्या, टेबल लवकर भरतात त्यामुळे काही महिने आधीच फोन करा आणि दाराच्या अगदी समोरचं टेबल टाळा, तिथे लोक थांबत नाहीत, आत ढकलले जातात. रविवारी आवरताना घाई करू नका, प्रत्येक ट्रे मोजून, यादीवर टिक करून मगच पेटी बंद करा. आणि परत येताना खंबाटकीच्या अलीकडे पलीकडे जेवायला थांबलात तर पेटी गाडीत सोडू नका, हॉटेलात बरोबर आत न्या.