हरलेल्या घोड्याचं रेसबुक

पुण्याचा रेसचा सीझन पावसाळ्यातला, त्यामुळे एम्प्रेस गार्डनच्या शेजारच्या त्या कोर्सवर लोक एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात भिजलेलं रेसबुक धरून उभे असतात. मी पैसे फारसे लावत नाही (विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू) पण ते पुस्तक वाचायला मला जाम आवडतं. एकेक घोडा म्हणजे स्थळाचा बायोडेटाच असतो, वय, रंग, आईबाप, मालक कोण, सांभाळतंय कोण, आणि जे लिहिलंय त्यापेक्षा जे लिहिलेलं नाही तेच जास्त इंटरेस्टिंग.

नवीन माणूस सगळ्यात आधी काय बघतो, तर मागची रेस कोण जिंकला. बघू दे. मी हरलेले बघतो. समजा एक घोडा मागच्या वेळी बारात सातवा आलाय, ९ लेंग्थ मागे. लेंग्थ म्हणजे घोड्याची एक लांबी, अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे गडी चांगलाच मागे राहिला. झालं, लोक पान उलटतात. पण अंतर बघा ना, १६०० मीटर, आणि त्याआधी तो जे काही बरं पळालाय ते सगळं १२०० वर. पाठीवर वजन ५९ किलो. ड्रॉ (सुटायच्या गेटचा नंबर, १ सगळ्यात आतला) एकदम बाहेरचा, म्हणजे वळणावर लांबून फिरत आला. आज १२००, ड्रॉ ३, वजन ५२. आता हा तोच घोडा आहे का? कागदावर तोच.

हे वजन म्हणजे तर सगळ्या भानगडीचं मूळ. प्रत्येक घोड्याला रेटिंग, म्हणजे कुवतीचे मार्क, असतं आणि रेटिंगच्या एका पॉइंटला अर्धा किलो असा हिशोब, जॉकी आणि खोगीर धरून कमी पडलं तर शिसं घालून भरायचं. घोडा जिंकला की हॅन्डिकॅपर (रेटिंग ठरवणारा माणूस) रेटिंग वाढवतो, हरत राहिला की कमी करतो, त्याचं स्वप्न एकच, सगळे घोडे एकाच वेळी विनिंग पोस्टला पोचावेत. आणि ट्रेनरचं स्वप्न बरोबर उलटं. त्यात क्लास, म्हणजे रेटिंगप्रमाणे पाडलेले गट, एकमेकांवर चढलेले, म्हणजे खालच्या क्लासमध्ये जो घोडा टॉप वेट, म्हणजे सगळ्यात जास्त वजन, घेऊन पळतो तोच वरच्या क्लासमध्ये गेला की त्याच रेटिंगवर हलकाफुलका होतो, फक्त तिथे शेजारी तगडे असतात. फॉर्म, म्हणजे घोड्याच्या मागच्या रेसेसची नोंद, ही हॅन्डिकॅपर आणि ट्रेनरच्या भांडणाची डायरी आहे असं माझं स्पष्ट मत आहे, घोडा बिचारा मधल्यामधे.

मग सकाळचं ट्रॅकवर्क, म्हणजे सराव. ‘६००/३८, इझी’ एवढंच छापलेलं असतं. ६०० मीटर ३८ सेकंदात, तेही न रेटता. दुसऱ्याचं ३७ असतं पण पुढे ‘प्रेस्ड’, म्हणजे पिळून काढलेले ३७. मला ३८ वालाच बरा वाटतो. आणि वर कोण बसलेलं होतं तेही बघायचं, रायडिंग बॉय (सरावाला घोडा पळवणारा पोरगा) की स्वतः जॉकी, कारण नावाजलेला जॉकी पहाटे उठून एखाद्या पडेल घोड्यावर बसला असेल तर तो काय हवा खायला नाही आलेला.

घरचे म्हणतात जुगार तो जुगार. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने तामिळनाडूच्या केसमध्ये सांगून टाकलंय की घोड्यांच्या रेसमध्ये नशिबापेक्षा कौशल्याचा भाग मोठा आहे. हे मी घरी दोनतीनदा सांगून बघितलं, कोर्टाचं आमच्याकडे चालत नाही.

फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर डर्बी ही सगळ्यात मानाची रेस असते तेव्हा सगळी मुंबई टोप्या घालून येते. २४०० मीटर, सगळे ४ वर्षांचे (सगळ्यांचा वाढदिवस सरसकट १ जानेवारीला धरतात, त्यामुळे चार कागदावरचे, एवढं लक्षात ठेवायचं), हॅन्डिकॅप नाही, नर घोड्यांना सारखंच वजन, माद्यांना थोडी सूट. बघायला झकास, वाचायला काय आहे त्यात? सगळ्यात चांगला घोडा सगळ्यात चांगला. मला द्या आपली पाचव्या क्लासची शेवटची रेस, बारा घोडे, बाराही कायम हरणारे, आणि त्यातला एक जण आज ७ किलो हलका.