बोअर 50 एच7 आणि परत आलेली गाडी

भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटी बघते. गेल्या मे महिन्यात ग्राहकाकडून आमची गाडी परत आली. स्टीलचे 480 बुश (पोकळ नळकांडी), बोअर म्हणजे आतलं भोक 50 एच7. म्हणजे व्यास 50.000 ते 50.025 मिलिमीटर, सगळा खेळ 25 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यांच्याकडे गो प्लग गेज, म्हणजे बरोबर भोकात जायलाच हवा असा तपासणीचा दांडा, काही नगांत जातच नव्हता. आमच्या रिपोर्टवर मात्र एकही रीडिंग मर्यादेबाहेर नव्हतं.

रात्री उशिरापर्यंत सॉर्टिंग केलं. 63 नग लहान निघाले. ते होनिंगला, म्हणजे भोक आतून घासून किंचित मोठं करायला पाठवले. सकाळच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर सीएनसीवरच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच्या) काकांना विचारलं, "न मोजताच रीडिंग लिहिता का?" काका काही बोलले नाहीत. दुपारी त्यांनी मला मशीनपाशी बोलावलं आणि नुकताच उतरवलेला जॉब, म्हणजे तयार बुश, हातात ठेवला. "मॅडम, जरा धरून बघा."

चांगलाच गरम होता.

बोअर गेज, म्हणजे भोकाचा व्यास दाखवणारं डायलचं उपकरण, आम्ही एसी रूममधल्या सेटिंग रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) शून्य करत होतो. रिंग 22 अंशांवर, जॉब 42 वर. डायलवर 50.010 आलं. तोच जॉब रूममध्ये नेऊन ठेवला आणि दर दहा मिनिटांनी मोजत राहिले. काटा दर वेळी थोडा मागे. तासाभराने 49.999! स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं. 50 मिलिमीटरला 20 अंशांच्या फरकाने तेवढेच 11.5 मायक्रॉन होतात. जवळजवळ निम्मा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, नुसत्या उष्णतेने खाल्ला होता.

त्यात बोरिंगचा इन्सर्ट (भोक कापणारं पातं) झिजला की बोअर लहान होत जातो. डायलवर 50.008 दिसतंय म्हटल्यावर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढणारी मशीनमधली दुरुस्ती, कोण देईल? पूर्वी जॉब रूममध्ये थंड होऊन मग मोजले जायचे. उत्पादन वाढवायचं म्हणून मार्चमध्ये तपासणी मशीनवर नेली, ती मीच.

मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश असलं तरी अख्खं शॉप काही 20 वर आणता येत नाही. पण रिंगही स्टीलची, जॉबही स्टीलचा. दोन्ही एकाच तापमानाला असले की वाढ सारखीच होते आणि रीडिंग बरोबर येतं. म्हणून रिंग मशीनशेजारच्या लोखंडी प्लेटवर ठेवली. जॉब धुऊन त्याच प्लेटवर अर्धा तास, मग मोजायचा.

ग्राहकाने गेज आर अँड आरही मागितला, म्हणजे रीडिंगमधला किती फरक गेज आणि मोजणाऱ्यामुळे येतो याची चाचणी. 10 जॉब, 3 जण, प्रत्येकी 3 वेळा, 90 रीडिंग. पहिल्यांदा 34 टक्के आले. 30 च्या वर म्हणजे नापास. नवीन मुलगा गेज डोलवून काट्याचं वळणाचं टोक न बघताच आकडा वाचत होता. काकांनी त्याला दोन दिवस शेजारी उभं करून शिकवलं. दुसऱ्यांदा 9 टक्के.

पुढच्या तीन गाड्या पास झाल्या. काकांची माफी मी सकाळच्या मीटिंगमध्येच मागितली, कारण ठपका तिथेच ठेवला होता.